फ्यूज कुणाच्या खिशात

लिफ्टच्या खड्ड्यात जो उतरेल त्याने लिफ्टचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, हा दादाचाच नियम. आज तोच विसरला. डोकं ठिकाणावर असेल तर ना! सिमेंट कालवायला बहीण आली ती सुजलेला डोळा रुमालाने झाकून. तिचा नवरा, म्हणजे दाजी, गळती बुजवण्याच्या धंद्यातला निम्मा भागीदार. तो मात्र मजेत शीळ घालत होता.

खड्डा कंबरभर खोल, तळाला घोटाभर पाणी. भिंतीतून धार लागलेली. दाजीने झटपट आवळणाऱ्या सिमेंटचा गोळा भोकात कोंबला आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. गोळा गरम होईपर्यंत हात काढायचा नसतो. दादा याच घडीची वाट पाहत होता.

"दाजी, तिच्या डोळ्याला काय झालं?"

"पडली."

"तुमच्या मुठीवर?"

"बायको माझी आहे, मेव्हण्या. तू तुझी भोकं बुजव."

आजवर दादाने असलं सगळं गिळलं होतं. धंदा मोडू नये म्हणून दर वेळी समजूत घालून बहिणीला परत पाठवलं होतं. आज त्याने हातोड्याचा दांडा दाजीच्या बरगडीत हाणला. गोळा निसटला, पाणी उसळलं. दाजीने त्याचं तोंड भिंतीवर आपटलं, दोन दात पाण्यात पडले. दादाने मानगूट धरून त्याला पाण्यात दाबला. चांगलाच दाबला.

"दादा, मरेल तो!" बहीण वरून किंचाळली.

त्याने सोडला. दाजी खोकत उठला, दादाच्या छातीवर लाथ घालून वर चढला आणि दाराशेजारच्या पेटीतला मेन स्विच वर करून त्याने लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडं असलं की लिफ्ट अडवणारा खटका कामासाठी बांधूनच ठेवलेला. लिफ्ट घरघरत खाली निघाली.

दादा पाण्यात आडवा झाला. लोखंड अंगावर येत होतं. उठायला जागा नव्हती.

कचकन लिफ्ट थांबली.

"दे तो फ्यूज, सटवे!" वर दाजी ओरडला. मग लोखंडी घमेलं हाडावर आदळल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग नुसतं विव्हळणं.

दाराशी हातभर फट उरली होती. तिथून सिमेंटने माखलेला हात आत आला.

"फ्यूज?" दादाने रक्त थुंकत विचारलं.

"माझ्या खिशात."

तिने त्याचं मनगट घट्ट धरलं, पण ओढलं नाही.

"आधी सांग. पुन्हा पाठवशील मला त्याच्याकडे?"

पाणी कानाला लागलं होतं.

"नाही गं. कधीच नाही."

मग तिने ओढलं.