सभासदांचं एकच टेबल

रविवारी सकाळी मंडळाच्या वेबसाइटवरून आईचं नाव गायब झालं. एकट्या आईचं नाही, छत्तीसगडातल्या चरोद्याच्या आमच्या मराठी मंडळातल्या झाडून सगळ्या बायकांची नावं गेली. उरले ते बाप्ये, एका घरचा एक.

आणि त्याच दिवशी निवडणूक होती.

वेबसाइट मी बनवली आहे. मी म्हणजे उन्नती, अकरावी, कॉम्प्युटर सायन्स. कोणाचं काही बघून उतरवलेलं नाही. एक तयार फ्रेमवर्क घेतलं, म्हणजे घराचा सांगाडा आयता मिळतो आणि भिंती आपण बांधायच्या, तसं. भिंती माझ्या.

मागच्या सभेपर्यंत आमच्याकडे माणूस सभासद नसायचा, घर सभासद असायचं. वर्गणीची पावती घरप्रमुखाच्या नावानं फाटायची आणि मतही त्याचंच. मागच्या सभेत ठराव झाला की अठरा वर्षांवरचा प्रत्येक जण सभासद, बाई असो की बाप्या. टाळ्याही वाजल्या. तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं की एखादी बाई खरंच उभी राहील.

आई उभी राहिली. सचिवपदासाठी. कारण साधं आहे. मंडळाच्या हॉलमागं रांधायची जागा आहे, तिथं नळ नाही. प्रत्येक कार्यक्रमाला बायका बाहेरून बादल्या आणतात. नळ मागितला की देवरावकाका म्हणतात, पुढच्या वर्षी पाहू. यंदा त्यांनी स्पीकर घेतले. मला आठवतं तेव्हापासून देवरावकाकाच सचिव आहेत.

"नेटवर्क नसंल," बाबा म्हणाले. ते रेल्वेच्या यार्डातून ड्यूटी करून नुकतेच आले होते, पायात अजून बूट होते.

"देवरावचं नाव ठेवून माझंच नाव नेते का तुमचं नेटवर्क?" आई म्हणाली आणि साडीची पिन लावत राहिली. पण पिन दोनदा हातातून पडली.

हॉलवर पोचलो तर देवरावकाका आधीच खुर्चीवर होते. शेजारी त्यांचा पुतण्या पीयूष. दुर्गच्या कॉलेजात इंजिनीअरिंग करतो, आणि ते तो विसरू देत नाही. पडद्यावर प्रोजेक्टरनं मतदानाचं पान लावलं होतं. सचिवपद: उमेदवार एकच.

"बेबीताई," देवरावकाका आईला म्हणाले, "कॉम्प्युटरच सांगून राहिला तं मी काय करू? तुमचं नाव सभासदांतच नाही. मंग निर्विरोध झालं नं."

"काल होतं माझं नाव."

"काल होतं, आज नाही. पोरीनं बनवलेली साइट आहे. असं होते."

पीयूष मान वर न करता म्हणाला, "देख उन्नती, तेरा कोड ही कच्चा है. मले आधीच वाटलं होतं."

माझे कान तापले. आधी मी असं काही ऐकलं की घरी जाऊन रडायचे. यंदा मी रडत नाही, हे मी ठरवलेलं आहे. मी पुढं गेले, टेबलावरचा लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि कोड उघडला.

"काल कोणी हात लावला?"

"मीनं," पीयूष म्हणाला. "काकानं सांगतलं होतं. वरती पट्टी टाकली, किती घरांची वर्गणी आली ते दाखवाची. त्यात क्या गलत है?"

पट्टीत काहीच चूक नव्हती. छान पट्टी होती, हिरव्या रंगाची, प्रत्येक पानाच्या डोक्यावर. घरं मोजायची म्हणून त्यानं सभासदांचं टेबल, म्हणजे सगळ्या नावांचा तक्ता, मागवलं आणि त्याला गाळणी लावली: फक्त घरप्रमुख. वर्गणी घरप्रमुखाच्या नावानं असते, म्हणून. आमच्या मंडळात वाढलेल्या कोणीही हेच केलं असतं.

घोळ पुढं होता. मी वाचला आणि मला हसूच आलं.

"काय झालं? कावून हसून राहिली?" देवरावकाका.

"सांगते. सगळ्यांनाच सांगते."

हॉल भरत आला होता. मी पडद्यासमोर उभी राहिले. 

"आपल्या मंडळाचा मोठा गंज आहे नं, स्टोअरमधलं ते पातेलं? कोणाकडे लग्न असलं की तोच जातो. प्रत्येक घरासाठी नवा गंज आपण घेत नाही. हे फ्रेमवर्क तसंच करते. सभासदांचं टेबल कोणी पहिल्यांदा मागितलं की ते एक वस्तू तयार करते आणि जवळ ठेवते. मग त्याच पानावर कोणीही पुन्हा मागितलं, तर नवं बनवत नाही. तीच वस्तू हातात देते."

"बरं, मंग?" मागून शालिकरामकाका म्हणाले.

"पट्टी पानाच्या वर आहे, म्हणून ती आधी चालते. तिनं गंज मागितला, त्यात तिखट सावजी रस्सा रांधला आणि न धुताच परत ठेवला. मग मतदानाच्या पानानं तोच गंज मागितला, खिरीसाठी."

बायकांमध्ये हसू फुटलं. "चंपतच्या घरच्यांनी केलंच होतं असं," कोणीतरी म्हणालं. चंपतकाका म्हणाले, "धुतला होता गंज. वास जात नाही त्याले आमी काय करू?"

"पीयूषदादानं गाळणी पट्टीसाठी लावली," मी म्हणाले, "पण टेबल सगळ्यांचं एकच होतं. म्हणून सगळ्या पानांना लागली. नावं कुठंच गेली नाहीत. आत जशीच्या तशी आहेत. गाळणी ती दिसू देत नाही, एवढंच."

पीयूष उठून माझ्यामागं येऊन उभा राहिला. पडद्यावरची ओळ त्यानं वाचली, परत वाचली. "अरे यार," तो हळूच म्हणाला. "मले वाटलं, दरवेळी नवीन भेटते."

तो खोटं बोलत नव्हता. मला त्याचा रागही आला नाही. राग आला तो पुढच्या वाक्याचा.

"ठीक आहे, समजलं," देवरावकाका उभे राहिले. "पण आता भर सभेत प्रोग्राम बदलवणं बरोबर नाही. उद्या कोणी म्हणंल, पोरीनं मायसाठी केलं. यंदा जसं दिसून राहिलं तसंच होऊ द्या. घराचं एक मत, जुन्या रीतीनं. पुढच्या वर्षी पाहू."

नळासारखंच. पुढच्या वर्षी पाहू. काही बाप्यांनी माना हलवल्या.  आई माझ्याकडे बघत होती, मला थांबवायला नाही, मी काय करते ते बघायला.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"तसंच नाही होणार. ठराव सभेनं केला आहे. एका पट्टीनं तो मोडत नाही."

"तुले तं अजून मतही नाही, पोरी. तू कायले मधात बोलतं?"

"मत नाही काका. पण चूक मला दिसली आहे, आणि दिसल्यावर मी ती तशीच ठेवणार नाही."

"मारोतराव, पोरगी पाहा तुमची," देवरावकाका बाबांकडे वळले. "लॅपटॉप पीयूषले द्याले सांगा."

बाबा बूट तसेच घालून आले होते. त्यांनी जरा खाकरल्यासारखं केलं. "तिनं बनवलं, तिलेच विचारा," ते म्हणाले.

मी लॅपटॉप कोणाला दिला नाही. सगळ्यांना दिसेल असं पडद्यावरच काम केलं. फ्रेमवर्कला त्याच टेबलाची वस्तू दुसऱ्या नावानं मागता येते, मग ते वेगळी वस्तू बनवून देते. पट्टीसाठी मी 'घरं' या नावानं वेगळी मागितली आणि पीयूषची गाळणी तिलाच लावली. सभासदांचं टेबल मोकळं झालं. पट्टी मी काढली नाही. ती चांगली होती.

"कोई देख लो, ठीक है क्या," मी पीयूषकडे बघून म्हणाले.

त्यानं काकांकडे बघितलं, मग पडद्याकडे. "ठीक है," तो म्हणाला. "हेच बरोबर आहे, काका."

पान पुन्हा उघडलं. वर हिरवी पट्टी, घरांचा आकडा तोच. खाली सचिवपद, उमेदवार दोन. मग मी सभासदांचं पान उघडलं आणि नावं वर सरकू लागली. बायका आपापलं नाव मोठ्यानं वाचायला लागल्या, आगगाडीच्या डब्यावर चिकटवलेल्या कागदात आपला बर्थ शोधतात तसं. "थांब, थांब, वर घे." "ममताचं आलं, माझं कुठं आहे?" "खाली आहे नं वं, दम धर."

रांधायच्या जागेतून राधाबाई आल्या. त्या देवरावकाकांच्या बायको. हात हळदीचे होते, ते त्यांनी पदराला पुसले.

"माझं आहे का?"

"आहे काकू. हे पाहा."

"तं मंग चालू कर. भात मांडून आली मी."

"तुले काय घाई आहे?" देवरावकाका म्हणाले.

"मत द्याची," राधाबाई म्हणाल्या आणि लॅपटॉपसमोर बसल्या. त्यांच्यामागं रांग लागली. देवरावकाकाही लागले, बरेच मागं.

मतदान झालं. आई जिंकली. फार नाही, थोड्याशाच मतांनी, पण जिंकली. भूमिकाताईनं तिला कुंकू लावलं, आणि आईनं भाषण म्हणून एवढंच सांगितलं की नळवाला सोमवारी येईल.

जेवणं चालू होती तेव्हा देवरावकाका वाटी घेऊन माझ्याजवळ आले. वरणाचा एक भुरका मारून त्यांनी विचारलं,

"उन्नती, कोणी कोणाले मत टाकलं ते दिसते का तुह्या त्या टेबलात?"

"नाही दिसत काका."

त्यांनी राधाबाईंकडे एक नजर टाकली. त्या बाप्यांच्या पंगतीत भात वाढत होत्या. "पण दिसंल असं करता येते का?"

"करता येते," मी म्हणाले. "करणार नाही."