ढब्बू कुठाय

त्या रविवारी सकाळपासूनच हवा बदलली होती. आदल्या दिवसापर्यंत पंखा लावावा की नको अशी स्थिती होती, आणि आज आंघोळ करून बाहेर येईतो मानेवर पुन्हा घाम. उन्हाळा असा सांगूनसवरून येत नाही. पहिल्या दिवशी कुणाच्या ते लक्षातही येत नाही, आणि तोच दिवस घात करतो.

तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. रविवारीसुद्धा कुणीतरी कुठंतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असायचंच, पण आज त्याने फोन बंद ठेवला होता. मुलीच्या शाळेची फुटबॉलची फायनल होती आणि ती गोलकीपर होती. डोळे घारे म्हणून घरात सगळे तिला मनी म्हणत. मनी असूनही तिचं जगात सगळ्यात जास्त पटायचं ते कुत्र्याशी. कुत्र्याचं नाव ढब्बू. चपटं नाक, आखूड पाय, चालताना सुस्कारे टाकायचा, झोपला की घोरायचा. मनीची आई म्हणायची, "घरात तीन पुरुष घोरतात, त्यातला हा एकटाच बरा. हाक मारली की निदान थांबतो तरी."

तिसरे म्हणजे अण्णा, त्याचे वडील. अण्णांनी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवले. मनीला गोलमध्ये उभं राहायला त्यांनीच शिकवलं होतं. मागच्या अंगणात ते चेंडू मारायचे, मनी झेप घ्यायची, आणि सुटलेला चेंडू ढब्बू नाकाने ढकलत परत आणायचा.

गेल्या काही महिन्यांत अण्णांचं काहीतरी बिनसलं होतं. एकदा गॅस तसाच सुरू राहिला. एकदा ते चप्पल न घालता भाजी आणायला गेले. एकदा शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून, आपल्या घराला कुलूप कुणी लावलं म्हणून भांडले. बायको म्हणाली, "डॉक्टरांना दाखवू या."

तो म्हणाला, "वय झालंय. तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त लक्षात आहे त्यांच्या. जुन्या मॅचचा विषय काढ, कुणी कुठल्या पायाने गोल मारला तेही सांगतील."

"जुनं नको सांगू मला. आज सकाळचं विचार त्यांना."

त्याने या गोष्टीकडे कानाडोळा केला. ज्या माणसाने आपल्याला सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, त्याला डॉक्टरसमोर बसवून 'आज कुठला वार' असं विचारायचं, हे त्याला जमत नव्हतं.

मैदानाच्या फाटकावर रखवालदाराने ढब्बूला अडवलं. कुत्री आत नेता येत नाहीत. मनी तोवर कपडे बदलायला गेली होती, नाहीतर तिने तिथेच रडारड केली असती. तो ढब्बूला घेऊन पार्किंगमध्ये परत आला. व्हॅन एका झाडाच्या सावलीत होती. त्याने सरकतं दार सताड उघडलं आणि वाडग्यात पाणी ओतलं. अण्णा आपणहून म्हणाले, "मी बसतो याच्याजवळ. मला काय, इथूनही दिसतंय मैदान."

कुंपणापलीकडे खरंच अर्धं मैदान दिसत होतं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिला काय म्हणायचं होतं ते त्याला कळलं. कळलं म्हणूनच तो जरा मोठ्याने म्हणाला, "बसा अण्णा. चावी असू द्या तुमच्याकडे, आतला पंखा लावायचा झाला तर."

पूर्वार्धात मनी जवळच्या गोलमध्ये होती. तिने एक चेंडू असा काही अडवला, की पलीकडच्या शाळेच्या पालकांनीही टाळ्या वाजवल्या. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि मनी लांबच्या गोलकडे गेली. थोड्या वेळाने पायऱ्यांवरून अण्णा वर येताना दिसले. कपाळावर घाम, चेहरा हसरा.

"तिथून पोरगी दिसेना रे," ते म्हणाले.

"ढब्बू?"

"सगळं नीट लावून आलोय."

त्याला वाटलं, बांधून आलोय म्हणतात. सावलीत, दार उघडं, पाणी जवळ. त्याने सरकून अण्णांना जागा दिली. बायको खाली मुलींच्या बाटल्या भरत होती, नाहीतर तिने नक्की पुन्हा विचारलं असतं.

सामना बरोबरीत सुटला. मग जादा वेळ. त्यातही काही झालं नाही. मैदानावर पोरी पाय ओढत होत्या, ऊन अगदी डोक्यावर आलं होतं, आणि अण्णा मात्र फुलले होते. "आता पेनल्टी," ते म्हणाले. "बघ, आपल्या मनीने मारणाऱ्याच्या पायाकडे बघायचं नाही, कमरेकडे बघायचं. कंबर खोटं बोलत नाही." शेजारचे दोन पालकही त्यांचं ऐकायला वळले. त्याला अभिमान वाटला. हा माणूस म्हणे विसरतो!

बाटली तोंडाला लावता लावता त्याला ढब्बूची आठवण झाली. "अण्णा, वाडग्यात पाणी उरलं होतं ना ढब्बूच्या?"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती, सौजन्याची, एखाद्या पाहुण्याशी बोलावं तशी.

"कोण ढब्बू?"

"अण्णा, कुत्रा. आपला कुत्रा. व्हॅनचं दार उघडं आहे ना?"

"छे! उघडं कसं ठेवीन? काचा वर केल्या, दार लावलं, ओढून पाहिलं. हल्ली चोऱ्या किती होतात."

तो पायऱ्या उतरत नव्हता, पडत होता. मागून शिट्टी वाजली. नंतर बायकोने सांगितलं, की पहिल्या पेनल्टीच्या आधी मनीने सवयीने वर पाहिलं होतं आणि तिला आपला बाप पाठ फिरवून पळताना दिसला.

सावली केव्हाच सरकून भिंतीवर गेली होती. व्हॅन भर उन्हात उभी होती. काचेतून ढब्बू दिसत होता, सीटच्या खाली, आडवा. पोट भात्यासारखं हलत होतं. त्याने दार ओढलं. चावी अण्णांकडे होती. खिसे चाचपले, हे माहीत असूनही. मग कुंपणाशी पडलेली वीट उचलली आणि मागच्या काचेवर घातली. पहिल्या घावाला काच नुसती तडकली. दुसऱ्याला फुटली. आतून जी वाफ बाहेर आली ती भट्टीचं तोंड उघडावं तशी.

ढब्बूचं अंग हाताला चटके देत होतं. जीभ जांभळट, तोंडाला घट्ट फेस. "ढब्ब्या, ए ढब्ब्या." शेपटीचं टोक हललं, की त्याला तसं वाटलं, कोण जाणे. त्याने पाण्याच्या नळाशी त्याला नेलं आणि अंगावर पाणी सोडलं. नळाचं पाणीही आधी गरमच आलं. तो ओरडत होता, "कुणी गाडी काढा! कुणीतरी गाडी काढा हो!" पण सगळे मैदानाकडे तोंड करून उभे होते. तिकडून एकदम जल्लोष उठला. कुणाचा, ते त्याला कळलं नाही.

फाटकावरचा रखवालदार आधी धावला, आणि त्याच्या पाठोपाठ बायको. तिने अण्णांच्या शर्टाचे खिसे, पँटचे खिसे उलटेपालटे केले होते. चावी मिळाली नव्हती. "त्यांना आठवत नाही," ती धापा टाकत म्हणाली. "ते म्हणतात, कसली चावी?" एवढंच. त्याला ती एकही उलट शब्द बोलली नाही आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. शेवटी मनीच्या संघातल्या एका मुलीच्या आईने गाडी काढली. ढब्बूला मांडीवर घेऊन तो मागे बसला. ओला टॉवेल, एसी पूर्ण सोडलेला, आणि दर सिग्नलला त्याचा धीर सुटत होता. "तोडा ना, तोडा सिग्नल," तो म्हणाला. ती बाई म्हणाली, "भाऊ, समोर लहान पोरं रस्ता ओलांडताहेत."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ढब्बूला आत घेतलं आणि दार लावलं. बाकावर तो एकटा बसला. भिंतीवर मांजरांच्या लसींचं चित्र होतं. त्याच्या हाताला काच लागून रक्त येत होतं, ते त्याला तिथल्या मदतनीस बाईने दाखवलं. तो मनातल्या मनात बोलणी करत होता, कुणाशी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. हा वाचू दे, मी अण्णांना उद्याच डॉक्टरकडे नेतो. वाचू दे, मी बायकोचं सगळं ऐकतो. एवढा एक वाचू दे.

मनी आली ती खेळाच्या कपड्यांतच, गुडघ्यांना माती. बरोबर आई आणि अण्णा. चावी मिळाली होती. अण्णांच्या मोज्यात. शाळेत सामन्याच्या दिवशी ते खोलीची चावी तिथंच ठेवायचे म्हणे.

"मनी," तो उठला. "काय झालं तिकडे?"

"हरलो," ती म्हणाली. "तुम्ही पळालात ना. मला वाटलं आईला काही झालं." आणि मग, "कुठे आहे तो?"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी मनीकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. ताप उतरवला होता, पण आतला एकेक अवयव बंद पडत चालला होता. रक्त गोठत नव्हतं. "आखूड नाकाच्या कुत्र्यांना हे फार लवकर होतं," त्या म्हणाल्या. "त्यांना धापा टाकूनही अंग गार करता येत नाही. तुम्ही आत या. त्याला तुमचा आवाज ऐकू येईल."

मनी आत गेली आणि ढब्बूच्या कानाशी गाल टेकून राहिली. ऊन उतरायच्या आत तो गेला.

घरी कुणी दिवा लावला नव्हता. अण्णा मधल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. त्यांना सांगितलं तेव्हा ते लहान मुलासारखे रडू लागले. "असा कसा गेला? उन्हात कोंडला? एवढं निष्काळजी कुणी असतं का? कुणाकडे होता तो?"

"माझ्याकडे, अण्णा," तो म्हणाला.

"खोटं!" मनी दारात उभी होती. "खोटं का बोलताय, बाबा? आजोबा, तुमच्याकडे होता तो. तुम्ही काचा बंद केल्यात. तुम्ही कुलूप लावलंत."

"मनी, पुरे," आई म्हणाली.

"का पुरे? त्याला आत किती वेळ..."

अण्णांनी आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं, कुणीतरी हे खोटं आहे म्हणेल म्हणून. कुणी म्हणालं नाही. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले आणि ते तसेच बसून राहिले. जेवायला उठले नाहीत. मनीलाच ते बघवेना. ती खोलीत निघून गेली.

"चावी मी दिली होती," तो बायकोला म्हणाला. "तू बघत होतीस माझ्याकडे. तरी दिली."

"हो," बायको म्हणाली. तिने त्याच्या हाताची पट्टी बदलली. "उद्या फोन कर डॉक्टरांना. आता तरी."

सकाळी तो चहा गाळत होता. अण्णा बूट घालून, टोपी चढवून दाराशी आले. चेहऱ्यावर कालचं काहीही नव्हतं. "ढब्बू कुठाय? ऊन वाढायच्या आत फिरवून आणतो."

त्याचा गाळणीवरचा हात थांबला. मनी टेबलाशी बसली होती. तिने बापाकडे पाहिलं. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. "पुन्हा सांगायचं?" तिने हळू आवाजात विचारलं. "रोज सांगायचं?"

मनी उठली, खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आतून तिचं रडणं ऐकू आलं.

अण्णा गोंधळले. मग सावकाश गेले आणि दारावर टकटक केली. "मने? ए मने, कोण रागावलं तुला? गोल खाल्लास का?"

अण्णा तिथंच उभे राहिले, कपाळ दाराला लावून. "अगं, मोठमोठे खातात. उघड बघू."

कडी निघाली. "हो, आजोबा," मनी म्हणाली. "खाल्ला."

"कुठल्या बाजूने?"

"डावीकडून." आणि ती त्यांच्या छातीवर डोकं टेकून हमसून रडली. ज्यांच्यावर ती चिडली होती त्यांच्याच छातीवर, कारण समजूत घालायला त्या घडीला घरात दुसरं कुणी धड उरलं नव्हतं. अण्णा तिच्या पाठीवर थोपटत तिला समजावत होते, डावा पाय आधी कसा टाकायचा, वजन कुठे ठेवायचं.

तो स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होता. चहा निवून गेला. मग त्याने डॉक्टरांना फोन लावला. पलीकडच्या बाईने विचारलं, त्रास कधीपासून आहे? तो म्हणाला, बऱ्याच दिवसांपासून. म्हणजे साधारण कधीपासून? त्याला सांगता येईना. तेव्हा बायकोने त्याच्या हातातून फोन घेतला आणि गॅसपासून सगळं सांगितलं.

दुपारी जेवताना अण्णांनी पुन्हा विचारलं. मनीने घास खाली ठेवला. या वेळी कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

"बाहेर आहे, अण्णा," तो म्हणाला. "जेवा तुम्ही."

अण्णा जेवू लागले.