लग्न न झालेल्या घरातली इस्त्री

मी इस्त्री बोलतेय. भरीव लोखंडाची. चुलीवर तापायचं, कपड्यावर फिरायचं, एवढाच माझा जन्म. भट्टीतलं काही आठवत नाही. आठवतो तो झेलीचा हात, खरखरीत, पाण्यानं फुगलेला. फ्रान्सातल्या लियाँ शहरात, विणकरांच्या टेकडीवर ती लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची.

तिचा माणूस बार्नाबे. नवरा म्हणत नाही, कारण त्यांनी लग्नच केलं नव्हतं. तो लिहायचा. सरकार नको, मालक नको, पाद्री नको, माणसांनी एकमेकांच्या भरवशावर जगावं. ज्या प्रेमाला शिक्का लागतो ते प्रेम नव्हे, गुरांच्या बाजारातली पावती, असं त्यानं छापलंही होतं.

त्याचे छापलेले ओले कागद झेली माझ्याखालीच वाळवायची. एकदा शाई माझ्या पोटाला चिकटली आणि एका न्यायाधीशाच्या कॉलरवर ‘चोर’ हा शब्द स्वच्छ उमटला. बार्नाबे हसून हसून खाली बसला.

“हस, हस! क्रांती तुझी, गिऱ्हाईक गेलं माझं!” झेली ओरडली.

पुढं त्या लिखाणापायी पोलिसांनी त्याला पकडलं. तुरुंगातून आला तो छाती पोखरूनच. खाटेवर पडला, उठला नाही.

मग त्याचा भाऊ तेओफिल आला. चर्चला मेणबत्त्या पुरवणारा. दारातूनच म्हणाला, “बाई, हा गेला की प्रेत माझ्या ताब्यात. कायद्यानं तुम्ही त्याच्या कोणी नाही. चर्चच्या विधीनं पुरायचा, पाद्रीला मी सांगून ठेवलंय.”

तो गेल्यावर झेली खाटेशी बसली. “अरे, ऐक. नगरपालिकेचा माणूस घरी येऊन लग्न लावतो. एक सही कर. मी बायको झाले की पाद्री तुझ्या अंगाला हात लावणार नाही.”

“पाद्री नको म्हणून सरकारला बोलवायचं?”

“हो, बोलवायचं!”

“मेल्यावर मला काय कळणार गं?”

“मला कळेल ना, मुडद्या! तू सुटशील. बघायचं मला आहे.”

तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, “मी तुझा मालक नाही. तुला हवं तर बोलव. करतो सही.” आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

झेलीनं शाल घेतली. दारापर्यंत गेली. मागं वळून त्याच्या पाठीकडं बघितलं. “मरायच्या आधीच मारू का याला?” एवढंच बोलली आणि शाल खुंटीला अडकवली.

तो गेला. तिनं त्याचा चांगला सदरा काढला, खळ लावली, मला चुलीवर ठेवलं. सदरा होतोय तोवर तेओफिलची माणसं आली. कपडे त्यांनी आणलेच होते. प्रेत उचललं, नेलं. झेली मला सदऱ्यावर फिरवत राहिली.

थोड्या वेळानं चर्चची घंटा वाजली. झेलीचा हात माझ्या मुठीवर होता आणि मी सदऱ्यावर. तिनं मला उचललं नाही. धूर निघाला. वास सुटला. तरी उचललं नाही. मी निवाले तेव्हा सदऱ्याला माझ्या आकाराचं भोक पडलं होतं.

नंतर झेली कापडगिरणीत कामाला लागली. मला भंगारवाल्याला दिलं. त्याचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मी खाली पडून असते. गंज चढलाय. दुखत नाही.

गल्लीतल्या बाया दारातून येता-जाता झेलीला ‘बार्नाबेनं ठेवलेली’ म्हणतात. मी ऐकते. बायांनो, माझ्याबद्दल काय वाटेल ते बोला, पण हे बोलू नका. त्या घरात कुणी कुणाला ठेवलं नव्हतं.