उंबऱ्यावरची फळी

चाकाच्या खुर्च्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात खिळ्यावर मागणीचं कार्ड लागल्याशिवाय साधा पाइपसुद्धा कापला जात नसे. नियम फोरमनचाच. 'लागेल म्हणून करून ठेवलं' असं कुणी म्हणालं की त्याचं डोकं फिरायचं. पूर्वी गोदामात खुर्च्या गंजून जायच्या, आता गोदाम लख्ख रिकामं. माप आलं की पाचव्या दिवशी खुर्ची दारात. कामगार पाठीमागे त्याला कार्डमास्तर म्हणत, आणि त्याला ते मनातून आवडायचं.

त्याची बायको भिंत धरधरून चालायला लागली, तेव्हा तिनेही खुर्ची मागितली. चार घरं पलीकडे तिची थोरली बहीण राहायची. "रोज ताईच येते. एकदा मी तिच्याकडे जाऊन बसेन म्हणते."

फोरमन म्हणाला, अजून चालतेस ना? गरज पडली की आणतो.

"म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणार."

"आमची विहीर पाच दिवसांत होते," तो हसून म्हणाला. तीही हसली बिचारी. पुन्हा काही तिने विषय काढला नाही.

दोन महिन्यांनी, एका सोमवारी ती मोरीत पडली, ती अंथरुणालाच खिळली. फोरमनने स्वतः टेप लावून तिचं माप घेतलं आणि तासाभरात कार्ड खिळ्यावर लावलं. कारखान्याच्या दाराशी एक खुर्ची तयार उभी होती. वेल्डर म्हणाला, ही न्या, ज्यांची आहे त्यांना पाच दिवसांत दुसरी देऊ. फोरमनने नकारार्थी मान हलवली. ती दुसऱ्या कुणाच्या नावाची होती. त्यात त्याचं काही चुकलं नाही, आणि तेच पुढे त्याला सोसवेना.

खुर्ची शुक्रवारी झाली, अगदी वेळेवर. बायको गुरुवारी सकाळीच गेली.

घरात ती खुर्ची बघवेना, म्हणून पंधरवड्याने तो ती ढकलत मेहुणीकडे घेऊन गेला. उंबरा उंच होता. पण त्यावर एक उतरती फळी ठोकलेली होती, कडांना धूळ बसलेली. रिकामी खुर्ची जराही न अडखळता आत गेली.

ही कधी बसवली, असं त्याने विचारलं.

"झाले की अडीच महिने," ताई म्हणाली. "ती येईन म्हणाली होती ना. लागेल म्हणून करून ठेवली."

फोरमन त्या फळीवरच बसला आणि तोंड झाकून रडला.