उशिरा उडणारी बंदूक

रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी आयुष्यात एकदा तरी बंदूक हातात धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून हे लोक नऊ बार काढतात, आणि गोळी लागलेला माणूस थेट खिडकीबाहेर उडतो. बुधवारा पेठेत माझं बंदूकदुरुस्तीचं दुकान. काम तीन वर्षांपासून बंद आहे, पण असल्या चुका काढायची खोड काही जात नाही. ते ऐकूनच खकनारच्या शाळेतल्या वैजयंती मॅडम आपल्या कादंबरीचं बाड माझ्याकडे तपासायला ठेवून गेल्या.

चुका पानोपानी होत्या. मी मजेत पेन्सिल चालवत होतो. मग ते पान आलं.

केळीच्या बागेत एक माणूस रानडुकरांवर ठासणीची बंदूक रोखतो. चाप ओढतो. दारूला ठिणगी देणारी टोपी फुटते, पण बार होत नाही. कादंबरीतली बंदूक एक तर उडते, नाही तर उडत नाही. ती उशिरानेही उडते, हे या लोकांच्या गावीही नसतं. इथे मात्र तो माणूस नळीत डोकावतो, आणि मग बार होतो. टोपीचा धूर डावीकडून निघतो.

मी पेन्सिल खाली ठेवली. माझा धाकटा भाऊ समाधान तीन वर्षांपूर्वी असाच गेला, बागेत, एकटा. साफ करताना बंदूक उडाली, असं पोलिसांनी लिहिलं. बंदूक मीच दुरुस्त केली होती. टोपीखालचं भोक माझ्या हातून डावीकडे तिरकं पडलं होतं, आणि तपासताना बार एकदा दोन मोजेपर्यंत उशिरा झाला होता. पण डुकरं बाग उकरत होती, समाधान दारात खोळंबला होता. मी काही न बोलता बंदूक त्याच्या हाती दिली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, त्याच्या बायकोलाही नाही.

शनिवारी दुपारी मॅडम आल्या. मी ते पान पुढे केलं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीच नाही, काका. मी तर देवासची, गेल्याच वर्षी इकडे बदली झाली. बंदूक कधी जवळून पाहिली पण नाही. ते पान लिहिताना हात थांबतच नव्हता, बस."

मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. त्या पानावर मी आडवी रेघ मारली. "बंदूक अशी उडत नाही. काढून टाका." तोवर मी नुसता गप्प राहिलो होतो, खोटं बोललो नव्हतो.

"ठीक आहे, काढते. एक ओळ तर मी आधीच काढली. इथली बोली वाटली, माझी नाही."

"कोणती?"

"नळीत बघायच्या आधी तो स्वतःशीच म्हणतो, आप्पानं दुरुस्त केली शे, ती धोका नई देवाव."

मला आप्पा फक्त समाधान म्हणायचा.

मी बाड परत जवळ ओढलं. "पान बरोबर आहे, मॅडम. राहू द्या. चूक त्या ओळीत आहे."

"काय चूक, काका?"

"आप्पाला ठाऊक होतं," मी म्हणालो.