मधल्या खोलीतली बाळंतीण

राजुरीत बाळासाहेबांच्या घरी पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला काहीतरी बघावं लागायचं. कधी फवारणीचा नवा पंप, कधी कांद्याच्या चाळीला बसवलेला पंखा, आणि काहीच नसलं तर विहिरीचा तळ. माणूस हौशी, आणि आपली हौस एकट्यानं भोगणं त्यांना पाप वाटायचं. इंद्रायणीनं संसारभर हे सोसलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. पण त्या वैशाखात बाळासाहेबांनी जे दाखवायला काढलं ते तिचं होतं, तिच्या माहेरचं.

झालं असं, की इंद्रायणीकडे उघड्या मानेची एक काळी कोंबडी होती. लग्नात पाठवणीच्या वेळी आईनं अवसरीहून कामट्यांच्या डालग्यात घालून दोन तलंगा, तरण्या कोंबड्या, दिल्या होत्या. त्यांच्या लेकी, लेकींच्या लेकी अशी ओळ या काळीपर्यंत आली होती. मानेवर पीस नाही, अंगानं किरकोळ, पण उन्हाळ्यात बाकीच्या कोंबड्या चोच वासून धापा टाकायच्या तेव्हा ही खुशाल उकिरडा उकरत असायची. आई गेली, आणि तिच्यामागं भरतनं, इंद्रायणीच्या धाकट्या भावानं, अवसरीच्या घरच्या कोंबड्या काढून टाकल्या. अंगणात फरशी बसवली, खोल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना भाड्यानं दिल्या. इंद्रायणीनं त्याला बोल लावला नाही, पण माहेरी जाणं मात्र कमी झालं. आईच्या हातची म्हणावी अशी जितीजागती वस्तू आता एकच उरली होती, आणि ती रोज सकाळी तिच्या पायात पायात करायची.

काळी खुडूक झाली. इंद्रायणीनं तिला पाटीत रवणीला, अंडी उबवायला, बसवलं, खाली अंडी ठेवली अकरा, कारण अंडी विषमच ठेवायची असतात. दुसऱ्याच दिवशी काळी दाणे टिपायला खाली उतरली आणि मुंगसानं तिला बांधाजवळ गाठलं. कोंबडीसाठी रडणाऱ्या बाईला लोक हसतात, हे ठाऊक असूनही इंद्रायणी रडली. मग डोळे पुसून पाटीत हात घातला. अंडी अजून कोमट होती.

तिनं आळीत घरोघर विचारलं. एवढ्या उन्हात एकाही घरची कोंबडी खुडूक नव्हती. तेव्हा बाळासाहेब खाकरले आणि म्हणाले, की आपलं उबवणीचं मशीन आहे की.

या मशीनचा पूर्वेतिहास काही बरा नव्हता. थर्माकोलचा खोका, झाकणाला काचेची खिडकी, आत एक बल्ब, बोटभर पंखा, ठरलेली उष्णता झाली की बल्ब विझवणारं बटण, आणि उष्णता व ओलावा दाखवणारा एक छोटा मीटर. सगळं मोबाईलवर बघून केलेलं. पहिल्या खेपेला बाळासाहेबांनी त्यात दुकानातून आणलेली पांढरी अंडी ठेवली होती. ज्या अंड्यांच्या आईनं जन्मात कोंबडा पाहिला नाही, त्यांतून पिल्लं कुठून निघणार? महिनाभर वाट बघितल्यावर एक अंडं फुटलं, आणि त्या वासानं दोन दिवस घरात कुणाला जेवण गेलं नाही.

पण बुडत्याला काडीचा आधार. इंद्रायणीनं उलटताना बाजू कळावी म्हणून अंड्यांवर कोळशानं फुल्या मारल्या, मधल्या खोलीत खोका मांडला आणि मशीनचा ताबा आपल्याकडे घेतला. साडेसदतीस अंशांवर काटा ठेवायचा, दिवसातून तीनदा अंडी उलटायची, ओलावा पन्नासाच्या आसपास राखायचा. कोंबडी हे सगळं पोटानं ओळखते, आपल्याला मीटर लागतो, असं ती म्हणायची. बाळासाहेबांनी आत पाण्याचा भरलेला तांब्या ठेवला होता, तरी ओलावा वर चढेना. इंद्रायणीनं तांब्या काढून तेवढंच पाणी पसरट थाळीत ओतलं आणि तासाभरात मीटर हलला. लुगडं बोळा करून टाकलं तर वाळत नाही, पसरलं की वाळतं, पाण्याचं तरी दुसरं काय असणार?

आठवड्यानं तिनं खोलीत अंधार करून एकेका अंड्याला टॉर्च लावला. दोन अंडी कोरी निघाली, ती तिनं बाजूला काढली. बाकीच्यांत तांबड्या शिरांचं जाळं पसरलं होतं आणि त्यात एक ठिपका हलत होता. तिच्या पोटात आनंद मावेना. ती तशीच टॉर्च घेऊन अंगणात गेली आणि बाळासाहेबांना ओढत आत घेऊन आली. चूक तिथंच झाली.

कारण दुसऱ्या दिवसापासून पाहुणे सुरू झाले. डेअरीचा टेम्पोवाला आला, त्याला अंडी दाखवली. येडगावचे व्याही आले, त्यांना दाखवली. काचेतून नीट दिसत नाही म्हणून दर वेळी झाकण उघडायचं, अंडं हातात घ्यायचं, टॉर्च लावायचा, आणि पाहुण्यानं वा राव म्हटल्याशिवाय झाकण लावायचं नाही. बाहेर वैशाखाचं कोरडं वारं. झाकण उघडलं, की महत्प्रयासानं राखलेला ओलावा भसकन निघून जायचा. इंद्रायणी रागावली, तर म्हणायचे, एकच मिनिट उघडलं गं. तिनं समजावून सांगितलं, की शेवटचे दिवस आले, आता अंडी उलटणंसुद्धा बंद, ओलावा वाढवायचा आणि झाकणाला हात लावायचा नाही. ऐन फुटताना हवा कोरडी पडली, तर कवचाच्या आतली पातळ साल वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटते, त्याला फिरता येत नाही, ते आतल्या आत मरतं. बाळासाहेबांनी मान डोलावली. अगदी मनापासून पटलं त्यांना. आणि सांजेला तालमीतले दोन गडी घेऊन ते पुन्हा मधल्या खोलीत हजर.

इंद्रायणीला आठवलं, सोनल, त्यांची आता सासरी असलेली लेक, झाली तेव्हा ती स्वतः याच खोलीत बाळंतीण होती. दाराला कडुलिंबाचा डहाळा होता, उंबऱ्याशी पाण्याची बादली होती, आणि हेच बाळासाहेब दहा दिवस उंबऱ्याबाहेर उभे राहून लेकीचं रडणं ऐकत होते. सासूबाईंनी एकदाच बजावलं होतं, त्यावर यांनी पाऊल आत टाकलं नव्हतं.

तिनं परसातून लिंबाचा डहाळा तोडून आणला आणि दाराला बांधला. जुन्या साडीचा पडदा सोडला, उंबऱ्याशी बादली ठेवली. सकाळी बाळासाहेब आले आणि डहाळा बघून जागच्या जागी थांबले.

"आत बाळंतीण हाय," इंद्रायणी म्हणाली. "पुरुषमाणसांनी भायेरच थांबायचं."

ते हसले, पण पाऊल काही उचललं नाही. जे मीटरनं झालं नाही, भांडणानं झालं नाही, ते लिंबाच्या डहाळ्यानं केलं. पाहुणे आणणं काही त्यांनी सोडलं नाही. फक्त आता ते त्यांना उंबऱ्यापर्यंत आणायचे आणि हळू आवाजात सांगायचे, की आत बाळंतीण आहे. पुढचं स्पष्टीकरण देताना त्यांना इतकं हसू यायचं, की निम्म्या पाहुण्यांना ते कळायचंच नाही.

पण सोंग उभं केलं, की ते रीतसर निभवणारी माणसंही गावात असतात. शेजारच्या प्रयागबाईंनी आळीतली निम्मी बाळंतपणं केली होती. खोक्यात अंडी आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण डहाळा बांधला म्हणजे पुढचं सगळं आलंच. ज्या सकाळी पहिल्या अंड्याला बारीक टोचा पडला आणि आतून चिवचिव ऐकू आली, त्याच सकाळी इंद्रायणीला कांदा भरायला शेतावर जावं लागलं. जाताना ती प्रयागबाईंना तेवढं खोलीकडे लक्ष ठेवा म्हणाली. बाईंनी लक्ष ठेवलं. बाळंतिणीला शेक पाहिजे म्हणून रसरशीत शेगडी आत नेली, निखाऱ्यांवर ओवा टाकला आणि खिडक्या लावून घेतल्या.

इंद्रायणी परतली ती ओव्याच्या वासानंच चमकली. आत भट्टी झाली होती. मीटरवर उष्णता एकोणचाळीसच्या वर, ओलावा पार तळाला, थाळी कोरडी ठणठणीत. बल्ब बिचारा केव्हाच विझला होता. त्याला तापवता येतं, गार करता येत नाही. आणि काचेतून दिसत होतं, चार अंड्यांना टोचे पडले होते. चिवचिव मात्र सकाळपेक्षा मंद झाली होती.

मग ती कामाला लागली. शेगडी बाहेर काढली, खिडक्या सताड उघडल्या, धूर गेल्यावर गोणपाटं भिजवून त्यांवर टांगली, फरशीवर पाणी ओतलं. खोली निवली, उष्णता उतरली, पण खोक्यातला ओलावा वर येईना. थाळीत पाणी घालायचं तर झाकण उघडायला हवं, आणि झाकण उघडलं तर उरलासुरला दमटपणाही जाणार.

"आवं," तिनं हाक मारली, आणि तिच्या आवाजानं बाळासाहेब धावत आले ते उंबऱ्याशी थांबले.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

त्याही घडीला इंद्रायणीला त्यांची माया आली. "या," ती म्हणाली, "पाय धुऊन या."

बाळासाहेबांनी खोक्याभोवती एक फेरी मारली. मीटर बघितला, थाळी बघितली, बाजूचं हवेचं भोक बघितलं. ते बाहेर गेले आणि ठिबकची बारीक नळी घेऊन आले. अवघी टोमॅटोची बाग ज्यानं थेंबाथेंबानं जगवली, त्याला एक थाळी भरणं काय अवघड? नळी भोकातून अलगद सरकवून तिचं टोक थाळीवर आणलं, दुसरं टोक बाटलीत खोचलं, इंद्रायणीनं त्यात कोमट पाणी ओतलं, आणि बाटली हातानं उंच धरून ते भिंतीला टेकून उभे राहिले. थाळीत पाणी पसरू लागलं. मीटर आकड्या-आकड्यानं चढू लागला. हात भरून आला तरी त्यांनी बाटली खाली घेतली नाही. घरात इतका वेळ त्यांना गप्प कुणी पाहिलं नव्हतं.

प्रयागबाई दारात तोंड पाडून उभ्या होत्या. आपल्या हातून कधी बाळंतीण दगावली नाही, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. इंद्रायणीनं त्यांना आत घेऊन काचेशी बसवलं आणि सांगितलं, की काकी, आता तुम्हीच बघा, कोण आधी येतंय ते.

एवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. भरत. हातात पिशवी, पिशवीत झबली-टोपडी आणि डिंकाचे लाडू, चेहऱ्यावर धुमसता राग. डेअरीच्या टेम्पोवाल्यानं मंचरात कुणालातरी सांगितलं होतं, की राजुरीला बाळासाहेबांच्या घरी बाळंतीण आहे, आणि ही बातमी अवसरीला पोचेपर्यंत सोनल बाळंत होऊन तिला मुलगासुद्धा झाला होता.

"आक्का," तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "सोनल बाळंत झाली अन् मामाला परक्या माणसाकडनं कळावं? आई न्हाई म्हणून माहेरच न्हाई का तुला?"

बाळासाहेब बाटली उंच धरून मेव्हण्याकडे बघत राहिले. प्रयागबाईंनी तोंडाला पदर लावला. तेवढ्यात खोक्यातून खणखणीत चिवचिव आली. इंद्रायणीनं भावाचा हात धरला आणि त्याला काचेपाशी नेलं.

एक कवच मधोमध उकललं होतं. ओलं, लडबडलेलं एक काळं पिल्लू पंखांच्या खुंटांवर रेटा देत बाहेर आलं आणि मान टाकून पडलं. मग त्यानं मान उचलली. मानेवर पीस नव्हतं.

भरत खाली बसला. "आईची?" त्यानं विचारलं.

"आईची," इंद्रायणी म्हणाली.

राग कुठं गेला ते त्यालाही कळलं नाही. सांज होईस्तोवर तो तिथंच बसून होता. दाजींचा हात दुखला की बाटली तो धरायचा. पिल्लं सुकून मऊ होईस्तोवर कुणी झाकणाला हात लावला नाही. नवांतली सात निघाली, चार उघड्या मानेची. दोन आतच राहिली, त्यांचं इंद्रायणीला वाईट वाटलं, पण लाडू सगळ्यांनी खाल्ले. प्रयागबाईंनी दोन जास्त घेतले, बाळंतपण त्यांनीच केलं होतं ना. झबल्यांचं काय करायचं हा प्रश्न होता, तर ती इंद्रायणीनं पिल्लांच्या पाटीत अंथरली.

पिल्लांना पिसं फुटली तेव्हा भरत पुन्हा आला. या खेपेला गाडीच्या मागं डालगं बांधलेलं होतं. माळ्यावर पडलेलं आईचं डालगं, तुटलेल्या कामट्या नव्यानं विणून घेतलेलं. बाळासाहेब लगबगीनं पुढं झाले. पिल्लांसाठी त्यांनी नवी जाळी केली होती आणि ती दाखवायची होती.

"दाजी, च्या अन् जाळी मागनं," भरत म्हणाला. "आधी तुमी हे बघा." त्यानं मोबाईल पुढं धरला.

फोटोत अवसरीचं अंगण होतं. तुळशीजवळच्या कोपऱ्यातली फरशी उखडून टाकली होती आणि खालची माती खणून मोकळी केली होती, कोंबड्यांना उकरता येईल अशी.

इंद्रायणीनं फोटो कितीतरी वेळ बघितला. मग तिनं उघड्या मानेची दोन पिल्लं उचलली, छातीशी धरली आणि आईच्या डालग्यात सोडली.

"पुढच्या ऐतवारी येते," ती भावाला म्हणाली. "त्यांना बघायला."