रामाच्या नावाचा वाकस

मला नावाने ओळखणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, म्हणून आधी ओळख करून देतो. मी वाकस. लाकूड तासायचं हत्यार. लांबून कुऱ्हाडीसारखा दिसतो, पण माझं पातं आडवं. दोन पायांच्या मध्ये फळी घ्यायची आणि मला स्वतःच्याच पावलांकडे ओढत तासायचं. हात चुकला की अंगठा गेलाच. म्हणून मला कुणाच्याही हातात देत नसत, आणि याचा मला भारी तोरा होता.

राजापुरातल्या एका लोहाराने मला घडवलं, पण खरा हातात घेतला तो मुसा मिस्त्रीने. राजापूरच्या खाडीकाठी तो मचवे बांधायचा. दुसऱ्यांचे. त्याची स्वतःची साधी होडीसुद्धा नव्हती. मचवा पाण्यात उतरला की मालकाच्या घरी जेवण व्हायचं, आणि मुसा आपला काठावर बसून पाण्याची रेघ बघत राहायचा. मचवा सरळ बसला की मगच उठायचा.

त्याचा जोडीदार रामा. वरच्या अंगाच्या गावातला, भातशेतीच्या घरातला गडी. मोठी करवत ओढायला दोन माणसं लागतात. एका टोकाला मुसा, दुसऱ्या टोकाला रामा. दोघंही अबोल. बोलायची गरजच पडायची नाही, करवतीतून सगळं कळायचं. रमजानात रामाही दिवसभर पाणी पीत नसे. विचारलं तर म्हणायचा, "मिस्त्री तहानलेला असताना मला कसं उतरेल?"

आमच्या खाडीवर एक रीत होती. वाकस विकत आणून कुणी मिस्त्री होत नसे. आपल्या मिस्त्रीने आपल्या हाताने वाकस दिला, तरच तो माणूस मिस्त्री. तोवर करवत ओढा, रंधा मारा, फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ भरा, पण तासायचं काम नाही. बाजारात वाकस मिळत का नव्हते? मिळत होते. पण तसा वाकस घेऊन बसलेल्या माणसाला कुणी मचव्याचं काम देत नसे.

मुसा म्हणायचा, "रामा, माझ्यामागे हा तुझा." रामा हसायचा आणि करवतीला तेल लावायला घ्यायचा. त्या दिवशी काम जोरात चालायचं.

मग मुसाला ताप आला. अंथरुणावरून उठवेना, तेव्हा त्याने राजापुरातून एका कारकुनाला बोलावलं आणि मृत्युपत्र लिहून घेतलं. लाखेने बंद केलं आणि लोखंडी पेटीत ठेवलं. आठवड्याच्या आत मुसा गेला.

पुढे जे झालं ते वाईट मनाने झालं नाही, हे आधी सांगतो. मुसाला तीन मुलगे. थोरला आमीर तेव्हा नुकता वयात आलेला. चुलते पडवीत बसले. लिफाफा समोर होता. एकजण म्हणाला, "मुलांचे हिस्से अल्लाने ठरवलेलेच आहेत. यात मुसाने कुणाला जास्त लिहिलं असेल, तर भावाभावांत उगाच फाटेल. कशाला फोडायचा?" सगळ्यांना पटलं. लिफाफा न फोडता पेटीत गेला. घर टिकवायला म्हणून त्यांनी तो बंद ठेवला. मी खुंटीवर टांगलेला होतो. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो.

मुसाच्या चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला रामा आला. धुवट धोतर नेसून. अंगणात बसला, जेवला, चहा प्याला. त्याची नजर दोन वेळा माझ्यावर आली आणि खाली गेली. कुणी काही देईल म्हणून तो बराच वेळ बसून राहिला. मग उठला, पायात वहाणा घातल्या आणि गेला. मागून घ्यायची वस्तू ती नव्हे. मिस्त्रीनेच द्यायची असते.

त्यानंतरचे माझे दिवस सांगण्यासारखे नाहीत. आमीर कुवेतला गेला, पैसा आला, घरात लाकूडकाम जाणणारं कुणी उरलं नाही. माझ्याने चुलीची फाटी फोडली, नारळ सोलले. अठ्ठ्याण्णव साली जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं झालं, तेव्हा गवंड्यांनी माझ्याने वाळलेलं सिमेंट खरवडलं. धार गेली, पात्याला दाते पडले. शेवटी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार आतून उघडू नये म्हणून मला टेकून ठेवलं. मचव्यांचा वाकस मी, आणि राखण कोंबड्यांची.

दोन हजार एक साली आमीरची मुलगी निदा हिने घराण्याचा शजरा करायला घेतला. शजरा म्हणजे पिढ्यांचा तक्ता, कोण कुणाचा मुलगा, कुणाचं लग्न कुठे. आमीर आता कुवेतहून कायमचा परत आला होता. तो खुर्चीत बसून सांगायचा, "लिही, आपण नाखव्यांच्या घराण्यातले. तुझ्या आजोबांची जहाजं होती." कुवेतमध्ये त्याने हे इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता त्याला स्वतःलाही खरं वाटत असावं.

"जहाजांची नावं काय, अब्बा?"

आमीरने कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट केलं. मग म्हणाला, "पेटीत बघ. बाबांचा वसियतचा कागद आहे. आता भाऊही आपापल्या घरी सुखी आहेत, फोड."

निदाने लाख फोडली आणि मोठ्याने वाचायला लागली. खुराडं पडवीच्या मागेच, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. घराबद्दल दोन ओळी. आम्हा हत्यारांबद्दल पानभर. कुठला रंधा कुणाकडून घेतला, कुठल्या करवतीचे दात बदलले, कुठली करवत रामाने निम्मे पैसे घालून आणली म्हणून ती त्याचीही. जहाजाचा उल्लेख कुठेच नाही. आणि मग हे आलं:

"माझ्या मुलांचे हिस्से ठरलेले आहेत, त्याविषयी मला काही लिहायचे नाही. माझा वाकस रामाला द्यावा. तो माझा वारस लागत नाही, म्हणून लिहून ठेवतो."

आमीरने कागद हातात घेतला आणि परत घडी घातली.

"अब्बा, हा रामा कोण?"

"होता एक. बाबांबरोबर करवतीला." मग म्हणाला, "शजऱ्यात मिस्त्री लिहू नकोस. लोक काय म्हणतील?"

निदा उठून वाकस शोधत सगळं घर फिरली. खुराड्यापाशी आली, मला उचललं आणि ओढणीने पुसलं. इतक्या वर्षांत मला कुणी पुसलं नव्हतं.

रामा हयात आहे आणि आपल्या गावीच असतो, हे बाजारात सहज कळलं. पण आमीरचा पाय निघेना. आधी आंब्याचे दिवस म्हणाला. मग पाऊस लागला, रस्ता धड नाही म्हणाला. गंजका लोखंडाचा तुकडा घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, ही खरी लाज होती. निदा रोज विचारायची. पाऊस उघडला तेव्हा तिने मला गोणपाटात गुंडाळलं आणि एकटीच एस्टीला निघाली. आमीर तिच्यामागे चालत स्टँडवर आला, आणि गाडी सुटताना चढून तिच्या शेजारी बसला.

रामाच्या घरी दार उघडलं त्याच्या बायकोने, हौसाने. आमीरला तिने लगेच ओळखलं.

"मिस्त्रीचा आमीर ना? या, बसा. हे आत हायत. श्रावणात अंगावरनं वारं गेलं. उजवा हात उचलत नाय आता."

श्रावणात. कागद फोडला तेव्हा चैत्र होता. आमीरने खाली बघितलं. मलाही वाटलं, गोणपाटातच राहावं.

रामा भिंतीला टेकून बसला होता. निदाने मला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने डाव्या हाताने दांडा चाचपला. तोच खैराचा दांडा. त्याची बोटं मी ओळखली. मग पात्यावर बोट फिरवलं, दाते लागले, आणि त्याचा चेहरा दुखावला.

"कुणी दिलान हा?" त्याने विचारलं. बोलणं जड झालं होतं.

"आजोबा, मिस्त्रींनी दिलाय," निदा म्हणाली. "लिहून ठेवलं होतं. आमच्याकडे कुणी वाचलंच नाही." आणि तिने कागद काढून ती ओळ वाचली.

रामाने डावा हात कागदावर ठेवला. मग म्हणाला, "मना वाटलं, मिस्त्रीने शेवटी मन बदललान. माझं काय चुकलं ता आठवीत रवलो. करवतीला कधी कमी ओढलंय काय, म्हणून." मग निदाकडे बघून म्हणाला, "परत वाच, बाय."

तिने परत वाचलं. त्याने आणखी एकदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी ती अर्ध्यावर आली, तोच उरलेली ओळ रामानेच पुरी केली.

हौसा दाराशी उभी होती. ती आमीरला म्हणाली, "मुंबयला गोदामात हमाली केलानी, पण लाकडाक हात लावलानी नाय. चाळीसाव्याला तुमच्याकडनं आले ते जेवलेच नायत दोन दिवस. मी म्हटलं, मागून घ्यायचा. तर माझ्यावरच रागावले."

सुटाबुटातला आमीर शेणाने सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला. धारेचा दगड मागवला आणि तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. रामा डाव्या हाताने मला त्याच्यावर घासू लागला. संध्याकाळपर्यंत ते दोघं तसेच बसले होते. सगळे दाते काही गेले नाहीत, पण धार आली.

आमीर आणि निदा निघताना रामा म्हणाला, "आता मी मिस्त्री." आणि हसला.

शिमग्याच्या आधी रामा गेला. त्या हाताने एक फळीसुद्धा तासून झाली नाही. निदाने शजऱ्यात मुसाच्या नावापुढे "मचवे बांधणारा मिस्त्री" असं लिहिलं, आणि आमीरने ते पुसायला सांगितलं नाही. रामाचं नाव मात्र कुठे घालावं हे तिला सुचेना. शजऱ्यातली रेघ रक्ताची असते. शेवटी तिने मुसाच्या शेजारी, रेघेशिवाय, ते लिहिलं.

मी आता हौसाच्या घरात खुंटीवर असतो. खाडीत फायबरच्या होड्या आल्या, माझ्यासाठी काम नाही, आणि पुढे मला कुणाच्या हातात द्यावं असा माणूसही नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण सवय झाली आहे. तुमच्या पेटीतही असा एखादा बंद कागद असेल, तर तुमचा हिस्सा ठरलेला आहे म्हणून तो तसाच ठेवू नका. तो कदाचित तुमच्यासाठी लिहिलेलाच नसेल. ज्याच्यासाठी लिहिलाय, तो कुठल्या तरी अंगणात बसून वाट बघत असेल, आणि मागणार मात्र नाही.

हौसा रोज सकाळी मला पदराने पुसते. मग धारेवरून बोट फिरवते आणि म्हणते, "मिस्त्री, उजाडलं."